एसीपी, ॲक्रिलिक आणि बोर्डसाठी उभं पॅनल सॉ: मशीन आणि ब्लेड कसं निवडायचं

प्रश्न थोडक्यात असा: ३० बाय ४० फुटांचा गाळा, काम साइनेज आणि एसीपी क्लॅडिंगचं. मुख्य माल ४ मिमी एसीपी (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेली शीट), ३ ते १२ मिमी ॲक्रिलिक आणि सनबोर्ड (पीव्हीसी फोम बोर्ड). अधूनमधून १८ मिमी एचडीएचएमआर (दाट, ओलावा सहन करणारा लाकडी बोर्ड) आणि ३ मिमी ॲल्युमिनियम पत्रा. स्लायडिंग टेबल सॉ ठेवलं तर अर्धा गाळा त्यातच जातो. उभं पॅनल सॉ घ्यावं का, घेताना काय बघावं, आणि सगळ्याला एकच ब्लेड चालेल का?

तुमच्या कामाला उभं पॅनल सॉ योग्य आहे. एक ब्लेड मात्र चालणार नाही. तीन लागतील, आणि त्यांचा खर्च मशीनच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमचं निम्म्याहून जास्त काम अक्षरं कापण्याचं आणि गोलाई असलेल्या आकारांचं असेल, तर पैसे आधी सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणारं, हवा तो आकार कापणारं मशीन) लावा. पॅनल सॉ फक्त सरळ कापतं, पण ते काम राउटरपेक्षा कितीतरी वेगात करतं. १५ मीटर प्रतिमिनिट फीडने ८ फुटांचा काप सुमारे १० सेकंदांत संपतो.

आडवा काप कसा होतो, ते आधी बघा

बाजारात दोन जातीची मशीनं आहेत आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. दोन्हींत शीट किंचित मागे झुकलेल्या फ्रेमवर उभी राहते आणि उभा काप घ्यायला सॉ-हेड वरून खाली येतं. फरक आडव्या कापात आहे. हलक्या, अमेरिकन पद्धतीच्या मशीनमध्ये हेड ९० अंशांत फिरवून एका जागी लॉक करतात आणि शीट हाताने ढकलत ब्लेडमधून नेतात. जड, युरोपियन पद्धतीच्या मशीनमध्ये शीट जागेवरच राहते आणि हेड आडव्या गाइडवरून किंवा अख्ख्या बीमसह सरकतं. स्विस स्ट्रिबिग, डच एल्कॉन, इटलीची पुच मेनिकोनी ही दुसऱ्या जातीची नावं. अमेरिकेच्या सेफ्टी स्पीड आणि सॉ ट्रॅक्स यांची बरीच मॉडेलं पहिल्या जातीची. चिनी आणि देशी मशीनं दोन्ही जातींत मिळतात, त्यामुळे कॅटलॉगमधल्या फोटोवर जाऊ नका. आडवा काप चालू असतानाचा व्हिडिओ मागवा.

शीट ढकलायची असेल तर तिच्या लांबीच्या दुप्पट मोकळी भिंत लागते. १२ फुटी एसीपीला २४ फूट, शिवाय हेडच्या रुंदीचे दोन-तीन फूट. ३० फुटांच्या भिंतीवर ते जेमतेम बसतं आणि मग दार किंवा रॅक त्या बाजूला ठेवता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की ४ मिमी एसीपी लवचिक असते. दोन माणसांनी दोन टोकांनी ढकलताना मध्ये पोट आलं की कापाची रेघ एक-दीड मिमी सहज हलते. ८ फुटी शीट आणि दिवसाला पाच-सहा आडवे काप असतील तर हे निभावतं. क्लॅडिंगच्या कॅसेटसाठी (कडा दुमडून केलेली पॅनल) रोज पट्ट्या काढायच्या असतील तर हेड सरकणारंच मशीन घ्या. दुसरीकडे काटकसर करा, पण इथे नको.

उंचीचं गणित सोपं आहे. ८ बाय ४ शीट नेहमी लांब कडेवर उभी करतात, म्हणून उभा काप १२२० मिमी लागतो. ५ फूट रुंदीची एसीपी येत असेल तर ५० इंची मशीन पुरत नाही, ६४ इंची म्हणजे १६२५ मिमीचं लागतं. २२०० मिमी उंच काप घेणारं मोठं मशीन स्वतः जवळपास २.९ मीटर उंच असतं. एमआयडीसीच्या गाळ्यात ते सहज मावतं, पण ९ फुटी छताच्या दुकानात किंवा माळ्याखाली ते उभंच राहत नाही. जमिनीपासून बीमपर्यंत टेपने मोजा. प्लॅनवरचा आकडा धरू नका.

एचपीपेक्षा फ्रेम

विक्रेता आधी मोटर दाखवतो. तुमच्या मालाला ३ एचपी पुरते. रोज १८ मिमी बोर्डच्या थप्प्या कापायच्या असतील तर ५ एचपी. चुकीचा काप बहुतेक वेळा मोटर कमी पडल्यामुळे होत नाही. फ्रेम वाकते, गाइडमध्ये खेळ असतो, नाहीतर खालची पट्टी सरळ नसते. हेड बीमच्या मध्यावर आणा, ब्लेड बंद ठेवून डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावा आणि हाताने नेहमीच्या कामाएवढाच जोर द्या. काटा ०.२ मिमीच्या पुढे गेला तर तेवढी चूक प्रत्येक कापात येणार. हीच तपासणी बीमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला करा.

खालच्या आधारपट्टीला रोलर किती आहेत आणि ते कसे बसवलेत ते बघा. ४ मिमी एसीपीची ८ बाय ४ शीट साधारण १६ किलो भरते. १२ मिमी ॲक्रिलिकची ४२ किलोच्या वर जाते आणि १८ मिमी एचडीएचएमआर ४५ किलोच्या आसपास. उभ्या मशीनचा खरा फायदा इथे आहे: शीट टेबलावर आडवी उचलावी लागत नाही, खालची कड रोलरवर टेकवली की एक माणूसही ती सरकवू शकतो. छोट्या तुकड्यांसाठी मधली आधारपट्टी असलेलं मॉडेल घ्या, नाहीतर ३०० मिमीचा तुकडा कापायला कारागिराला दिवसभर वाकावं लागतं.

वीज जोडताना दोन गोष्टी. थ्री फेजला जोडल्यावर ब्लेड न लावता स्पिंडल फिरवून दिशा तपासा. दोन फेज उलटे लागले तर ब्लेड उलटं फिरतं आणि नट सैल होऊ शकतो. फेज तुटला किंवा उलटला तर मोटर थांबवणारा प्रिव्हेंटर पॅनलमध्ये बसवूनच घ्या. जुनं अमेरिकन मशीन स्वस्तात मिळत असेल तर मोटरची पाटी वाचा. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहापैकी पाच भाग वेगानेच फिरते: ३४५० आरपीएमची २८७५ होते. १२० व्होल्टची युनिव्हर्सल मोटर असेल तर ट्रान्सफॉर्मर लागतो.

ब्लेड

आपल्याकडे ब्लेड दातांच्या संख्येवर विकलं जातं: "साहेब, ऐंशी दाती घ्या, फिनिश येईल." दातांची संख्या हा तिसरा प्रश्न आहे. पहिला दाताचा आकार, दुसरा हूक अँगल.

एटीबी म्हणजे एक दात डावीकडे तिरका, पुढचा उजवीकडे. तो लाकडाचे तंतू सुरीसारखे कापतो, म्हणून प्लाय आणि व्हिनिअरला चांगला. टीसीजी म्हणजे एक दात दोन्ही कोपरे छाटलेला आणि पुढचा सपाट. छाटलेला दात ०.२ ते ०.३ मिमी उंच असतो. तो मधली खाच पाडतो आणि सपाट दात दोन्ही कडा साफ करतो. ॲल्युमिनियम, एसीपी, ॲक्रिलिक, लॅमिनेट अशा कडक किंवा ठिसूळ मालाला टीसीजीच लागतो, कारण एटीबीचं टोकदार टोक त्यात लवकर मोडतं किंवा बोथट होतं.

हूक अँगल म्हणजे दात पुढे किती झुकलाय. १० ते १५ अंश पॉझिटिव्ह हूक शीटला ब्लेडकडे ओढतो. बोर्ड जड असतो, त्याला ते चालतं. ३ मिमी ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र फ्रेमवरून सुटून फडफडतो, आणि कड तिथेच तडकते. उणे ५ अंशाचा दात ओढत नाही, खरवडत जातो. हाताला जोर थोडा जास्त लागतो, पण शीट जागेवर राहते.

बहुतेक मशीनांचं माप २५० मिमी व्यास, ३० मिमी बोअर (मधलं भोक), दाताची रुंदी ३.२ आणि पात्याची जाडी २.२ मिमी असं असतं. तुमच्या मशीनचं माप मॅन्युअलमधून घ्या. या मापात तुमच्यासाठी तीन ब्लेडं अशी:

एसीपी आणि ॲल्युमिनियमसाठी ८० दाती टीसीजी, हूक उणे ५ अंश. ॲक्रिलिक आणि सनबोर्डसाठी ८० दाती टीसीजी, हूक शून्य ते जास्तीत जास्त ५. प्लाय आणि एचडीएचएमआरसाठी ६० दाती एटीबी, हूक १०. बोर्ड प्री-लॅम (आधीच लॅमिनेट चिकटवलेला) असेल तर त्याला टीसीजी.

ॲल्युमिनियमचं आणि ॲक्रिलिकचं ब्लेड एकच का नको, हा प्रश्न हमखास येतो. ॲल्युमिनियमचा बारीक कण दाताच्या धारेवर चिकटून बसतो. तेच ब्लेड ॲक्रिलिकमध्ये गेलं की पारदर्शक कडेवर पांढरे ओरखडे उमटतात, आणि ते पॉलिश करूनही पूर्ण जात नाहीत. ब्लेडवर रंगाचा ठिपका द्या आणि तोच रंग रॅकच्या खुंटीवर लावा.

आता वेग. २५० मिमीचं ब्लेड ५००० आरपीएमला कडेवर सेकंदाला ६५ मीटर धावतं, ४००० ला ५२. तुमच्या मालाला ५० ते ६५ हा पट्टा चांगला. एक दात किती खातो ते असं काढा: फीड मिमी प्रतिमिनिट, भागिले आरपीएम गुणिले दात. १५,००० भागिले (५००० × ८०) म्हणजे ०.०३७ मिमी. ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमला ०.०२ ते ०.०५ च्या दरम्यान राहा. कारागीर घाबरून हेड फार हळू ओढतो तेव्हा हा आकडा ०.०१ च्या खाली जातो. मग दात कापत नाही, घासतो. उष्णता वाढते, ॲक्रिलिक वितळून मागे चिकटतं आणि सगळे म्हणतात ब्लेड खराब आहे. एक्सट्रूडेड ॲक्रिलिक कास्टपेक्षा कमी तापमानाला मऊ होतं, म्हणून हा दोष त्यात आधी दिसतो. ९६ किंवा १०० दाती ब्लेड आणून तो आणखी वाढतो, कारण तेवढ्याच फीडला प्रत्येक दात अजून कमी खातो आणि चुरा बसायला दातांमध्ये जागाही उरत नाही.

८० दाती ब्लेडवर दोन दातांतलं अंतर ९.८ मिमी येतं. ३ मिमी शीटमध्ये त्यामुळे एका वेळी जेमतेम एकच दात असतो आणि प्रत्येक दात ठोका मारतो. उपाय: चार शीट फिल्मसकट एकत्र धरून १२ मिमीची थप्पी कापा, बाहेरून एक टाकाऊ सनबोर्ड लावा. कड लगेच सुधारते.

चांगली बाजू कुठे

साधारणपणे दात फ्रेमच्या बाजूने शीटमध्ये शिरतो आणि कारागिराच्या बाजूने बाहेर पडतो. चिपिंग (कडेचे टवके) आणि बर (धातूची खरखरीत कड) बाहेर पडण्याच्या बाजूला येतात, म्हणून चांगली बाजू फ्रेमकडे. त्यासाठी फ्रेमच्या पट्ट्या प्रत्येक पाळीला पुसायलाच हव्यात. तिथे अडकलेली ॲल्युमिनियमची एक कपची फिल्म फाडून रंगावर लांब ओरखडा ओढते. प्री-लॅम बोर्डच्या दोन्ही बाजू दिसणार असतील तर स्कोअरिंग युनिट (मुख्य ब्लेडआधी उथळ खाच पाडणारं छोटं ब्लेड) असलेलं मशीन लागेल, एकट्या ब्लेडने ते साधत नाही.

एसीपीच्या फिल्मवर बाण छापलेले असतात. मेटॅलिक रंगात एक पॅनल उलट्या दिशेने लागलं तर उन्हात त्याची छटा वेगळी दिसते, आणि ती चूक दर्शनी भिंतीवर चढल्यावरच कळते. तुकडा सुटण्याआधी मागच्या बाजूला मार्करने बाण आणि क्रमांक घाला.

एसीपीची खाच

कॅसेट दुमडायला मागून व्ही-खाच पाडायची असते. पॅनल सॉवर ती खास डिस्क कटरने पाडतात, साध्या ब्लेडने नाही. ९० अंशांच्या दुमडीला ९० अंशांचा कटर, आणि १३५ अंशांपर्यंतच्या दुमडीला १३५ अंशांचा. कटरचं टोक २ ते ३ मिमी सपाट असतं; ते टोकदार असतं तर पत्रा एका रेषेवर दुमडून रंग तडकला असता.

खोलीच इथे सर्वस्व आहे. ०.५ मिमी पत्र्याच्या ४ मिमी एसीपीत समोर ०.८ मिमी राहायला हवं: ०.५ पत्रा आणि ०.३ गाभा. म्हणजे खाच ३.२ मिमी. पत्र्याला कटर लागला की दुमड वाऱ्याच्या दाबात कधीतरी फाटते. गाभा जास्त राहिला तर कोपरा गोल येतो आणि पॅनल मापात बसत नाही. ०.२५ मिमी पत्र्याची स्वस्त एसीपी येते, तिच्यात चुकायला जागाच नसते; क्लॅडिंगच्या कॅसेटला ती वापरू नका.

खोली स्थिर ठेवायला कटरच्या दोन्ही बाजूंनी शीटवर चालणारा रोलर असलेलं ग्रूव्हिंग युनिट घ्या. त्यामुळे खोली फ्रेमवरून नाही, शीटच्या पृष्ठभागावरून मोजली जाते. तरीही शीटच्या जाडीत पडणारा फरक उरलेल्या ०.८ मध्ये येतोच. प्रत्येक नव्या लॉटला ३०० मिमीच्या तुकड्यावर खाच पाडा, शिल्लक जाडी मोजा, दुमडा, बाहेरचं माप घ्या, आणि मगच कटिंग लिस्ट अंतिम करा. हे ग्रूव्हिंग युनिट त्या मॉडेलला नंतर बसतं का, हे खरेदीआधी लेखी घ्या.

एफआर (आगरोधक) गाभ्यात खनिजाची भुकटी भरलेली असते, साध्या पॉलिथिलिन गाभ्यात नसते. त्यामुळे एफआर शीट ब्लेडची धार बऱ्याच लवकर खाते. धार लावण्याचा हिशेब दिवसांवर ठेवू नका, कापलेल्या मीटरवर आणि गाभ्याच्या जातीवर ठेवा. रोजचं काम एफआरचंच झालं तर पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या दातांच्या) ब्लेडचा विचार करा. पण ते एकदा खिळ्यावर गेलं की संपलं.

मशीन गुण्यात आहे का

८ बाय ४ च्या तुकड्याचा कर्ण २७२८ मिमी येतो. दोन्ही कर्ण मोजा. उभा काप १२२० मिमी उंचीत १ मिमी तिरका असेल तर कर्णांत साधारण १.८ मिमी फरक दिसतो. याहून बारीक तपासणी: शीटमध्ये उभा काप घ्या, उजवा तुकडा उलटा करून खालच्या पट्टीवर डाव्याशेजारी ठेवा. वर किंवा खाली फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. गाइड हलवण्याआधी पट्टी आणि रोलर झाडून घ्या; अर्ध्या मिमीचा कण शीटखाली गेला तरी मशीन गुण्याबाहेर असल्यासारखं वाटतं.

कापाच्या कडेवर एकमेकांना छेदणाऱ्या कमानी दिसल्या, म्हणजे ब्लेडची मागची बाजूही माल घासते आहे असं समजा. ब्लेड प्रवासाच्या रेषेला समांतर नाही. एका दातावर खूण करा, पुढे आणि मागे डायल गेजने मोजा, फरक ०.०५ मिमीच्या आत आणा. फ्लँजवर, म्हणजे ब्लेड दाबून धरणाऱ्या चकतीवर, चिकटलेला ॲक्रिलिकचा पापुद्राही हेच करतो: १०० मिमी फ्लँजच्या कडेला ०.०२ मिमी म्हणजे ब्लेडच्या कडेला ०.०५. ब्लेड बदलताना फ्लँज पुसणं हे ब्लेड घट्ट करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बोअर जुळत नाही म्हणून सैल बुश घालू नका.

आडव्या कापात वरचा तुकडा खाली बसून फट मिटवतो आणि ब्लेड चिमटतं. काप पुढे जाईल तशा दर दोन फुटांवर ३ मिमीच्या सनबोर्डच्या चकत्या फटीत अडकवा, आणि पट्ट्या शक्यतो वरून काढत या, म्हणजे सुटणारा तुकडा लहान राहतो. रिव्हिंग नाइफची (ब्लेडमागे फट उघडी ठेवणाऱ्या पट्टीची) जाडी पात्यापेक्षा जास्त आणि दातापेक्षा कमी हवी: २.२ आणि ३.२ च्या मध्ये. ती काढून ठेवण्याची सवय फार दिसते. कृपा करून काढू नका. ब्लेडजवळ हातमोजेही नकोत.

मापाचं एक सांगायचं राहू नये. ॲक्रिलिक तापमानाने बरंच फुगतं: ८ फुटांत १० अंशांना साधारण १.७ मिमी. टेम्पोतून उन्हात तापून आलेली शीट लगेच मापाला कापू नका, रात्रभर गाळ्यात राहू द्या. आणि कापलेल्या ॲक्रिलिकची कड थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

चुरा आणि आग

लाकडाचा भुसा आणि ॲल्युमिनियमचा कीस एकाच पिशवीत ओढू नका. कीस गरम असतो, मध्ये खिळा-स्क्रू लागला तर ठिणगीही उडते, आणि पिशवीतला कोरडा भुसा आत धुमसत राहतो. सगळे गाळा बंद करून गेल्यावर आग दिसते. एसीपीची पाळी आणि बोर्डची पाळी वेगळी ठेवा, मध्ये पिशवी रिकामी करा, आणि संध्याकाळी शेवटचा काप झाल्यावर पिशवी गाळ्याबाहेर धातूच्या पिंपात.

पाइपमध्ये हवेचा वेग सेकंदाला २० मीटर हवा. १२० मिमीच्या तोंडाला त्यासाठी ताशी सुमारे ८१५ घनमीटर लागतात, म्हणजे ४८० सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट). १५० मिमीला ७५०. फ्रेमच्या मागेही ओढ असलेलं मॉडेल असेल तर दोन्ही तोंडांची बेरीज करून कलेक्टर घ्या. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, तो लेझरवर कापायचा विचार मनातही आणू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड माणसाला आणि मशीनला दोघांनाही खातो.

पैसे देण्याआधी

ट्रायलला स्वतःचा माल घेऊन जा: एक १२ फुटी एसीपी, एक ३ मिमी ॲक्रिलिक, एक एचडीएचएमआर. विक्रेत्याने ठेवलेल्या प्लायवर सगळीच मशीनं छान कापतात. १२ फुटीतून १०० मिमीची आडवी पट्टी काढायला सांगा आणि तिची रुंदी दर फुटाला कॅलिपरने मोजा. सगळ्यात मोठ्या आणि लहान मापात ०.५ मिमीहून जास्त फरक आला तर कारण विचारा, दुरुस्त करून घ्या, पुन्हा पट्टी काढा. गाइडची बेअरिंगं कोणत्या नंबरची आहेत आणि ती पुण्या-मुंबईच्या बाजारात मिळतात का, हेही तिथेच लिहून घ्या.

धारवाल्याकडे ब्लेड पाठवताना चिठ्ठी लावा: टीसीजी, हूक उणे ५, छाटलेला दात ०.२५ मिमी उंच. हे न सांगितलं तर काही ठिकाणी सगळे दात एकाच उंचीचे घासून मिळतात. ब्लेड धारदार दिसतं आणि एसीपीला पूर्वीपेक्षा जास्त बर येते. परत आल्यावर दोन शेजारच्या दातांच्या उंचीतला फरक स्वतः मोजूनच पैसे द्या.